माल तुमचा, भाव तुमचा, तारीख तुमची. मग तोटा एकट्या दुकानदाराचा का?

प्रति,
व्हिडिओ गेम काढणाऱ्या कंपन्या आणि त्यांचे भारतातले वितरक यांस

नमस्कार.

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याची, म्हणजे यात्रेची, गर्दी होती. गड्डा म्हणजे आमच्या सोलापुरात पोरांच्या खिशात पैसे खुळखुळण्याचे दिवस. पाव्हणे येतात, कुणी आजोबा नातवाच्या हातावर पाचशेची नोट ठेवतात, आणि ती नोट पाळण्यात, भेळेत नाहीतर माझ्या दुकानात येते. अशा ऐन धंद्याच्या संध्याकाळी मोबाइलवर एका वितरकाचं एका पानाचं पत्रक आलं. त्यात तीनच ओळी कामाच्या होत्या. यापुढे उचललेला माल परत घेतला जाणार नाही. भाव उतरल्यास फरक मिळणार नाही. नव्या गेमच्या मागणीची शंभर टक्के रक्कम माल निघण्याआधी भरावी लागेल. खाली लिहिलं होतं, ‘आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद.’

सहकार्य कुणाचं आणि कशात, ते काही मला उमगलं नाही. म्हणून हे पत्र. वितरकाचं नाव घेत नाही. एकाने सुरू केलं की बाकीचे मागोमाग करतात हे वीस वर्षांत पाहिलंय, तेव्हा पत्र सगळ्यांनाच. आणि उघड लिहितोय ते एवढ्यासाठी की बंद पाकिटातल्या दोन पत्रांना आणि पाच-सहा ईमेलना पोचसुद्धा आली नाही.

माझं दुकान नवी पेठेत, दहा बाय बाराचा गाळा. पोरं मला ‘गेमवाले काका’ म्हणतात. खरं सांगायचं तर सुरुवात सरळ नव्हती. २००४ साली मी चिप बसवलेले पीएस-टू (सोनीचं गेम खेळायचं यंत्र; चिप बसवली की नकली डिस्क चालायची) विकायचो, आणि सोबत पन्नास-पन्नास रुपयांच्या नकली डिस्का. सगळेच तेव्हा तेच करत होते, ही काही सबब नाही, पण होतं ते असं होतं. पुढे पीएस-थ्री आला, नकली डिस्क चालेना, आणि तुमच्याकडचा एक माणूस दुकानाची पायरी चढून आला. म्हणाला, अस्सल माल ठेवा, आम्ही पाठीशी आहोत. एक लोखंडी स्टँड दिला, चार पोस्टरं दिली. मी विचारलं, माल राहिला तर? तो म्हणाला, ‘बघू की.’

त्या ‘बघू’वर मी इतकी वर्षं अस्सल माल विकला. कधी दहा डिस्का परत गेल्या, कधी भावातला फरक मिळाला, कधी नुसता चहा. पण कागदावर काही नव्हतं. आता कागद आला, तो ‘बघू’ काढून घेणारा.

माझे वडील चादरीच्या एका पेढीवर दिवाणजी होते. त्यांच्याकडे एक जाडजूड वही असायची, जाकडवही. दिवाळीआधी बाहेरगावचे व्यापारी चादरी जाकड न्यायचे; संक्रांत झाली, थंडी उतरली की खपलेल्याचे पैसे आणि उरलेल्या चादरी परत. घडी मोडलेली असली तर घेणार नाही, लेबल फाटलं असलं तर घेणार नाही. जाकड नेणाऱ्याला भाव थोडा चढा, रोखीने नेणाऱ्याला उतरता. ज्याला जे झेपेल ते त्याने घ्यावं, दोन्ही दारं उघडी. कुणी कुणावर उपकार करत नव्हतं. चादर सोलापुरात पडून राहिली काय आणि दुसऱ्या गावी पडून राहिली काय, थंडी पडेल की नाही हे दुकानदाराच्या हातात नव्हतं, एवढं पेढीच्या मालकाला कळत होतं.

तुमच्या धंद्यात तर थंडीचा भरवसा याहून कमी. आणि हिशेब बघा, माझ्याच वहीतला. ४,९९९ छापील किमतीचा नवा गेम मला ४,५५० ला पडतो. विकला की ४४९ सुटतात. त्यातून गाळ्याचं भाडं, वीज, कामावरच्या पोराचा पगार. आता एक डिस्क पडून राहिली तर ४,५५० अडकले, म्हणजे दहा डिस्का विकून कमावलेलं एकीने गिळलं. बरं, अगदी कायमची कुठलीच पडून राहत नाही. सहा आठवड्यांत तुम्हीच तुमच्या ऑनलाइन दुकानात तो गेम २,४९९ ला लावता. मग मीही २,४९९ ला काढतो. एका डिस्कमागे तोटा २,०५१, म्हणजे साडेचार डिस्कांची कमाई साफ.

अशा वेळी शहाणा दुकानदार काय करेल? तीस खपतील असं मन सांगत असलं तरी बारा मागवेल. मीही तेच करतो. तेरावा मुलगा येतो, ‘काका, संपला का वो?’ म्हणतो आणि बाहेर पडता पडता मोबाइल काढतो. कुणी ऑनलाइन घेतो, कुणाचा भाऊ पुण्याला असतो, आणि बरेचसे घेतच नाहीत. तोवर परीक्षा येते, पैसे दुसरीकडे खर्च होतात. हे अठरा गेम माझे जेवढे गेले तेवढेच तुमचेही गेले. फक्त तुमच्या वहीत ते दिसत नाहीत, कारण न विकलेल्या गेमची नोंद कुणीच ठेवत नाही.

आता तीच पडून राहिलेली डिस्क तुमच्या बाजूने बघा. गेम बनवायला शेकडो कोटी लागतात, मान्य. पण ते पैसे पहिली डिस्क निघायच्या आधीच खर्चलेले असतात. पुढची एक डिस्क छापायची, डब्यात घालायची, कन्सोल, म्हणजे गेमचं यंत्र, बनवणाऱ्या कंपनीची रॉयल्टी भरायची आणि गाडीत टाकायची, हा खर्च मी मोजतो त्या ४,५५० च्या जवळपासही जात नाही. शिवाय तुमची दुकानं देशभर. सोलापुरात पडला तर नागपुरात उचलला जाईल, इथे कमी तर तिथे जास्त. माझा एकच गाळा. ज्याला जखम कमी होते त्याने थोडी झेलावी, यात दयेचा प्रश्न येत नाही. यात दोघांचा माल जास्त खपतो.

हे मी काही नवीन सांगत नाही. तुमच्याच धंद्याचा इतिहास आहे आणि तो तुम्ही विसरलात म्हणून थोडा सविस्तर सांगतो.

ऑक्टोबर १९८१ मध्ये अमेरिकेत अटारी कंपनीने वितरकांना सांगितलं की १९८२ या सबंध वर्षाची मागणी आत्ताच नोंदवा. आदल्या काळात माल कमी पडला होता, त्यामुळे जो तो घाबरून आकडा फुगवून लिहून मोकळा झाला. कंपनीला वाटलं, केवढी ही मागणी! त्यात नवनव्या कंपन्या गेम काढायला लागल्या, अगदी ओट्स विकणारी क्वेकरसुद्धा. ‘ई.टी.’ या एका गेमच्या सुमारे चाळीस लाख कार्ट्रिज (तेव्हा गेम डिस्कवर नाही, अशा डब्यांत यायचे) काढल्या आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त कुणाला नको झाल्या. दुकानदार माल परत करायला गेले तर छोट्या कंपन्यांकडे द्यायला ना पैसे होते ना बदली गेम. काही तर बुडूनच गेल्या. मग चाळीस डॉलरांचे गेम पाच डॉलरांच्या टोपल्यांत आले. सप्टेंबर १९८३ मध्ये अटारीने न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावच्या कचराडेपोत ट्रकच्या ट्रक माल पुरला. एप्रिल २०१४ मध्ये तो उकरून काढला तेव्हा जगाने फोटो बघितले. १९८३ ला सुमारे ३.२ अब्ज डॉलरची असलेली अमेरिकेतली घरगुती गेमची उलाढाल १९८५ पर्यंत दहा कोटी डॉलरांच्या आसपास आली.

यात परतीची सोय दोषी होती, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. मागणीचा खरा आकडा कुणालाच कळू नये अशी व्यवस्था होती, आणि परतीचा शब्द देणाऱ्यांकडे तो पाळायची ऐपत नव्हती. दोन्हींवर इलाज आहे, खाली सांगतो.

त्यानंतर दोन वर्षं अमेरिकेतला दुकानदार व्हिडिओ गेमचं नाव काढलं की दार दाखवायचा. १९८५ च्या शरद ऋतूत निन्टेंडो या जपानी गेम कंपनीची माणसं न्यूयॉर्कमध्ये दुकानोदुकानी फिरली. त्यांनी काय सांगितलं? माल आम्ही आणून ठेवतो, मांडणी आम्ही करतो, नव्वद दिवस एक पैसा देऊ नका. नंतर खपला त्याचे पैसे द्या, उरला तो आम्ही परत नेतो. त्या एका शब्दावर बंद दारं उघडली. हे मी कुठेतरी वाचलं तेव्हा घरी जाऊन वडिलांना सांगितलं. ते सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, ‘मग जाकडच की.’

तर तुमचा आजचा एवढा मोठा धंदा जाकडवर दुसऱ्यांदा उभा राहिलाय. गंमत म्हणजे पाय रोवल्यावर त्याच निन्टेंडोने गेम काढणाऱ्या कंपन्यांना उलटा हिशेब लावला: कार्ट्रिज आम्हीच बनवणार, कमीत कमी दहा हजारांची मागणी, पैसे आगाऊ, राहिलेला माल तुमचा. तेव्हा तुमच्यातल्याच बड्या कंपन्या त्या अटींनी कळवळल्या होत्या. आज त्याच अटी तुम्ही माझ्या गाळ्यात पाठवल्या आहेत.

आणि परतीची पद्धत तुमच्याकडे बंद झालीय असंही नाही. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, टेक-टू यांसारख्या कंपन्यांनी अमेरिकी सरकारकडे भरलेले वार्षिक अहवाल कुणीही वाचू शकतो. त्यांत परत येणाऱ्या मालासाठी आणि भाव उतरल्यावर द्यायच्या फरकासाठी वेगळी तरतूद केल्याचं छापलेलं असतं. म्हणजे तिकडच्या मोठ्या साखळी दुकानांना देता. तत्त्व मान्य आहे, फक्त ते सोलापूरपर्यंत येता येता कुठेतरी उतरतं.

आता तक्रारी. सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत.

सगळ्यात जास्त जाळते ती लिंकिंग. हा शब्द आमच्या जिल्ह्यातल्या कुठल्याही कृषी केंद्रवाल्याला विचारा. युरिया हवा तर सोबत ही दोन न खपणारी पोती घ्या, त्याला लिंकिंग म्हणतात. खतात ते बेकायदा आहे आणि तरी त्याची बोंब दरवर्षी होते. तुमच्याकडे त्याला ‘बंडल ऑफर’ म्हणतात. फुटबॉलचा नवा गेम वीस हवे असतील तर ज्याचं नाव पोरांनी ऐकलेलं नाही असे आठ गेम घ्या. ते आठ माझ्या कपाटात धूळ खात आहेत. जपानमध्ये १९९० साली ‘ड्रॅगन क्वेस्ट ४’ ला झुंबड उडाली तेव्हा एका ठोक व्यापाऱ्याने दुकानदारांवर पडीक गेम असेच बांधून लादले होते. तिथल्या व्यापार आयोगाने १९९२ मध्ये ते गैर ठरवलं. पडीक माल खपवायचाच असेल तर तो परतीच्या बोलीवर द्या, मी मनापासून विकायचा प्रयत्न करेन.

दुसरी तक्रार बिघडलेल्या गेमची. तीन वर्षांपूर्वी एक गेम आला (नाव राहू द्या). मी अठरा मागवले, पहिल्याच दिवशी चौदा गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायच्या आधी पोरं पायरीवर. गेम मध्येच थांबतो, सेव्ह केलेलं पुसलं जातं. दुरुस्तीची फाइल येईल म्हणालात, ती आली तीन आठवड्यांनी, आणि ती उतरवायला पोरांचा महिन्याभराचा डेटा. त्यातली चार पोरं अक्कलकोट रोडच्या यंत्रमागांच्या वस्तीतली. प्रत्येकी साडेबाराशेची वर्गणी काढून त्यांनी एक डिस्क घेतली होती. आठ-आठ दिवस एकेकाकडे डिस्क राहणार, मग मला जुन्यात विकून दुसरी घेणार, असा त्यांचा ठरलेला रिवाज आहे. त्यातल्या एकाची आई विड्या वळते. त्या पोराला मी काय सांगू, सील तुटलंय म्हणून परत होत नाही? वितरकाने मला तेच सांगितलं. मी एकूण सात जणांचे पैसे परत केले, खिशातून ३४,९९३ रुपये. चूक गेम बनवणाऱ्याची, पैसे नवी पेठेतल्या गाळ्याचे.

हे फक्त आमच्याच नशिबी आहे असंही नाही. सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ हा फक्त ऑनलाइन खेळता येणारा गेम २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. चौदा दिवस. कंपनीने स्वतःहून पैसे परत देऊ केले, त्याबद्दल तिचं कौतुकच. पण ज्यांनी दुकानातून डिस्क घेतली त्यांना काय सांगितलं? आपापल्या दुकानाच्या पद्धतीने परतावा मागा. मी तो गेम मागवला नव्हता, सुटलो. पण कंपनीने गेम बंद केल्यावर गिऱ्हाईक कुणाच्या काउंटरवर हात ठेवून उभं राहतं, ते यातून कळतं.

तिसरी, शंभर टक्के आगाऊ रकमेची. ‘जीटीए ६’ या पोरं डोळे लावून बसलेल्या गेमची तारीख २०२५ या एका वर्षात दोनदा पुढे गेली, आधी २६ मे २०२६ वर आणि मग १९ नोव्हेंबर २०२६ वर. चांगला गेम करायला वेळ लागतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही; कच्चा गेम येण्यापेक्षा उशिरा आलेला बरा, हे वर सांगितलंच. पण अशा गेमचे सगळे पैसे मी आधी भरले आणि तारीख सहा महिने सरकली, तर तेवढे महिने ते पैसे कुणाकडे आणि व्याज कुणाच्या माथी? पत्रकात याबद्दल अक्षर नाही.

चौथी, भावाची. मालावर छापील किंमत तुम्ही टाकता, तिच्यावर मी विकू शकत नाही, कायदाच आहे. खाली मात्र तुम्ही केव्हाही जाता, शुक्रवारी रात्री बारा वाजता, आम्हाला न सांगता. सकाळी पोरगं मोबाइल पुढे करून विचारतं, ‘काका, तुम्ही दुप्पट लावता होय?’ त्याच्या नजरेत मी चोर ठरतो. सहा आठवड्यांनी भाव उतरवा, जरूर उतरवा, जुना गेम स्वस्त व्हायलाच हवा. पंधरा दिवस आधी सांगा, एवढंच.

पाचवी, रिकाम्या डब्याची. पीसीच्या गेमच्या डब्यात कित्येक वर्षं डिस्क नसते, नुसता कोड लिहिलेला कागद असतो. २०२५ मध्ये आलेल्या निन्टेंडोच्या स्विच २ या यंत्रावर तर काही गेमच्या कार्डात गेमच नाही, फक्त किल्ली. गेम नेटवरून उतरवायचा. असो, काळ तसा आहे. पण कोडला ना छपाई, ना वजन. तो माझ्या कपाटात बंद पडलेला असताना त्याचे पैसे मी आधी का मोजायचे? मोबाइल रिचार्जचं मशीन पानपट्टीवरसुद्धा असतं. गिऱ्हाइकाने पैसे दिले की त्या क्षणी रिचार्ज चालू होतो. तसं गेमचं करा.

आमच्या बाजूनेही सांगायला हवं, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. आमच्यातही महाभाग आहेत. श्रिंकरॅपचं मशीन विकत घेऊन वापरलेल्या डिस्कला नवं प्लास्टिक चढवून ती परत पाठवणारे मला माहीत आहेत. तारखेच्या आधी दोन दिवस गेम विकून टाकणारे आहेत. परत करायचंच आहे म्हणून वाटेल तेवढा माल उचलणारे आहेत. तुम्ही त्यांच्यामुळे पोळलात, हे मी नाकारत नाही. पण चार जणांनी सील बदललं म्हणून सगळ्यांचं दार बंद करणं म्हणजे ढेकणासाठी घर जाळणं.

तोट्याची वाटणी करायचे मार्ग इतरांनी शोधलेले आहेत. सोलापुरात गल्लोगल्ली कॅसेटच्या लायब्ऱ्या होत्या, तेव्हा अमेरिकेतही त्या होत्या. तिथे सिनेमाची एक कॅसेट दुकानदाराला सुमारे ६५ डॉलरला पडायची, म्हणून तो नव्या सिनेमाच्या मोजक्याच प्रती ठेवायचा आणि गिऱ्हाईक हात हलवत परत जायचं. १९९८ च्या सुमारास ब्लॉकबस्टर या तिथल्या कॅसेट भाड्याने देणाऱ्या मोठ्या साखळीने स्टुडिओंशी करार केला: कॅसेट थोडक्या डॉलरांत द्या, भाड्याच्या पैशांत वाटा घ्या. प्रती वाढल्या, दोघांनी कमावलं. आपल्याकडे २००९ मध्ये हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले दोन महिने भांडले, नवे सिनेमे थांबले. शेवटी ठरलं ते असं: पहिल्या आठवड्यात निर्मात्याला ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५, पुढे ३०. जसजसा सिनेमा जुना होईल तसतसा थिएटरवाल्याचा वाटा वाढणार. गेमही तसाच नासका माल आहे, पहिल्या पंधरवड्यात सोनं आणि दोन महिन्यांनी ओझं.

म्हणून मागण्या अशा. नव्या गेमच्या पहिल्या मागणीतला एक चतुर्थांश माल, सील शाबूत असेल तर, नव्वद दिवसांत परत घ्या. सगळा नको म्हणतोय, चतुर्थांशच. यासाठी मला घेण्याचा भाव थोडा चढा लावला तरी चालेल. वडिलांच्या पेढीसारखी दोन दारं ठेवा, ज्याला परती हवी त्याला एक भाव, नको त्याला दुसरा. भाव उतरवाल तेव्हा आधीच्या साठ दिवसांत घेतलेल्या आणि न खपलेल्या मालाचा फरक क्रेडिट नोटेने द्या. ‘माल परत घेणं जीएसटीत बसत नाही’ हे उत्तर मी दोनदा ऐकलंय. बसतं. कलम ३४ मध्ये परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट देण्याची सोय आहे, तीही आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरण भरेपर्यंत, जे आधी येईल ते. माझ्या सीएला विचारूनच लिहितोय. गेम मागे घेतला किंवा तो चालत नसल्याचं तुम्ही स्वतः कबूल केलं, तर सील तुटलेल्या डिस्काही पूर्ण किमतीला घ्या. आगाऊ रक्कम पंचवीस टक्क्यांवर ठेवा आणि तारीख सरकली की मागितल्यावर ती सात दिवसांत परत. लिंकिंग बंद, त्यात घासाघीस नाही. कोडचे पैसे विकल्यावर. आणि माल तारखेच्या आदल्या संध्याकाळी सोलापुरात पोचता करा. पुणे इथून अडीचशे किलोमीटर, ट्रॅव्हल्सची गाडी रात्रीत येते. तरी आमचा डबा दोन दिवसांनी येतो, आणि तोवर ऑनलाइनवाल्यांचा गेम खेळून संपलेला असतो.

बदल्यात मी काय देईन, तेही लिहून देतो. दर सोमवारी कुठला गेम किती खपला याचा खरा आकडा, बिलांसकट. अटारीला जो आकडा कधी कळला नाही तो तुम्हाला आठवड्याला कळेल, आणि पुढची छपाई अंदाजाने करावी लागणार नाही. तारखेच्या आधी एकही डिस्क बाहेर जाणार नाही. परत आलेल्या मालाचं सील तुमच्या माणसाने दुकानात येऊन तपासावं. एक जरी बदललेलं निघालं तर माझं खातं बंद करा. आणि ज्या गेमला तुफान मागणी असेल, जिथे मला काहीच जोखीम नाही, तिथे ४४९ ऐवजी साडेतीनशेवर मी खूश आहे. चांगल्या दिवसांतला थोडा वाटा तुम्ही घ्या.

जुन्या डिस्कांच्या धंद्याकडे तुमची नजर वाकडी आहे, ते माहीत आहे. त्याला हात लावू नका. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २००२ ला जुने गेम विकणं कायदेशीर ठरवलं, आणि २०१३ मध्ये एक्सबॉक्स वन या मायक्रोसॉफ्टच्या यंत्रावर जुन्या डिस्कांना लगाम घालायचं ठरलं तेव्हा गिऱ्हाइकांनीच इतका गोंधळ केला की मायक्रोसॉफ्टला काही दिवसांत माघार घ्यावी लागली. अक्कलकोट रोडची पोरं जुनी डिस्क विकूनच तुमचा नवा गेम घेतात. तो पूल मोडला तर ती नवाही घेणार नाहीत, पुन्हा पन्नास रुपयांच्या वाटेला लागतील. ती वाट मला चांगली माहीत आहे.

ब्रिटनमध्ये ‘गेम’ नावाचीच दुकानांची मोठी साखळी होती. मार्च २०१२ मध्ये ती दिवाळखोरीत निघून प्रशासकाच्या ताब्यात गेली आणि एका फटक्यात २७७ दुकानं बंद झाली. शेवटच्या आठवड्यांत पुरवठादारांनी ‘मास इफेक्ट ३’ सारखे नवे गेमच तिला द्यायचे थांबवले होते. माझं एकच दुकान आहे. ते बंद झालं तर बातमी होणार नाही, शेजारचा टॉवेलवाला गाळा मागून घेईल.

३१ मार्चला साठा मोजायचा असतो. आज माझ्या कपाटात ६३ सीलबंद डिस्का आहेत, त्यातल्या ३१ लिंकिंगच्या. प्रत्येकीचा बिल क्रमांक आणि घेतल्याची तारीख लिहून यादी स्पीड पोस्टाने तुमच्या ऑफिसला पाठवली आहे. मार्चअखेरीपर्यंत उत्तर हवं, लेखी. ‘बघू’ नको.

आपला,
गेमवाले काका
नवी पेठ, सोलापूर

ता. क. ज्या पोराने ते पत्रक मला पाठवलं त्याच्यावर कृपा करून राग काढू नका. तो तुमचा विक्री प्रतिनिधी, पण दुसऱ्या दिवशी स्वतः दुकानात येऊन बसला, चहा घेतला, आणि जाताना लिंकिंगमधला एक गेम स्वतःच्या पैशाने घेऊन गेला. म्हणून ६३, नाहीतर ६४ होत्या.